एनडी फिल्टरच्या आधी पोलरायझर

फोटोत वाहते पाणी रेशमी दिसावे म्हणून शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते आणि त्यासाठी एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी गडद काच) हवाच, असे म्हटले जाते; मात्र भर पावसात, विशेषतः दाट झाडीत, मुळातच उजेड इतका कमी असतो की आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १०० आणि अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/११ ठेवल्यास केवळ पोलरायझर (परावर्तित चमक कापणारा फिल्टर) लावूनही शटरचा वेग पाव-अर्ध्या सेकंदापर्यंत सहज उतरतो. शिवाय ओल्या खडकांवरची आणि पानांवरची पांढुरकी चमक कापून त्यांचा मूळ काळा-हिरवा रंग वर आणण्याचे काम पोलरायझरच करतो, एनडी नव्हे. माझ्या मते रेशमी पाण्यासाठी पाव-अर्धा सेकंद पुरेसा आहे, कारण शटर त्याहून जास्त वेळ उघडे ठेवल्यास धारेतले तंतू विरघळतात आणि नुसता पांढरा पट्टा उरतो. तुषार थेट लेन्सवर येत असतील, तर काच पुसून ती कापडाने झाकून ठेवावी आणि कॅमेऱ्याचा सेल्फ-टायमर संपतानाच कापड बाजूला करावे.