‘पाणीवाली बाई’ : अर्थ आणि वापर

विचारणा
‘भाजीवाली’, ‘फुलवाली’ म्हणजे ती वस्तू विकणारी. मग मृणाल गोरे यांच्या ‘पाणीवाली बाई’ या बिरुदात ‘वाली’चा अर्थ काय घ्यायचा? आणि ‘बाई’ इथे आदराने आलं आहे का?

प्रतिसाद
विकणारी नव्हे, मिळवून देणारी. मृणालताई १९६१ साली मुंबई महापालिकेवर निवडून आल्या आणि गोरेगावातल्या पाण्यासाठी भांडत राहिल्या. ज्यांच्या दारात नळ आला त्यांनी हे नाव दिलं. वस्ती मिश्र भाषांची, म्हणून हिंदीत ‘पानीवाली बाई’ही तितकंच चालायचं. ‘वाली’ला विक्रीपलीकडचा हा अर्थ माणसाच्या कामातून मिळाला, आणि मला ही मराठीतली फार मोलाची भर वाटते.

खरी गंमत १९७७च्या घोषणेत आहे : ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’. आणीबाणीत तुरुंगवास सोसलेल्या मृणालताई उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. शब्द तेच, फक्त जागा बदलल्या. पण जागेबरोबर अर्थही बदलतात. पहिलं पाणी नळाचं. दुसरं ‘सगळी मेहनत पाण्यात गेली’मधलं. घोषणा हिंदीत दिली तरी हा अर्थ टिकतो, कारण ‘पानी में जाना’ तिथेही आहे. मराठी कानाला मात्र ‘पाणी पाजणे’ही सोबत ऐकू येतं, आणि एखाद्याचं ‘पाणी वेगळंच’ म्हणताना जे पाणी असतं तेही.

‘बाई’चा मान मराठीत क्रियापद ठरवतं. शाळेतल्या बाई ‘आल्या’, धुण्याभांड्याची बाई ‘आली’. या घोषणेत क्रियापदच नाही! त्यामुळे देशाची पंतप्रधान आणि गोरेगावची कार्यकर्ती एकाच ‘बाई’त, एकाच पायरीवर उभ्या राहतात. ज्याने कुणी ही ओळ जुळवली त्याला भाषेची उत्तम जाण होती.

दुसरा प्रतिसाद
याच संदर्भात ‘लाटणे मोर्चा’ची नोंद हवी. १९७२च्या दुष्काळात महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली. मृणालताई, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या. तेल, साखर, रॉकेल मिळेना, म्हणून बायका लाटणी घेऊन, थाळ्या बडवत रस्त्यावर उतरल्या. एरवी विनोदी चित्रांत लाटणं नवऱ्याच्या डोक्यावर बसायचं. इथे ते सरकारकडे वळलं. मोर्च्याला आधी मागणीचं नाव असे, इथे हातातल्या वस्तूचं मिळालं. ‘हंडा मोर्चा’ही त्याच घडणीचा.

मूळ विचारणाऱ्याकडून
आभार. मग ‘मृणालताई’ आणि ‘पाणीवाली बाई’ यांत फरक कसा करायचा?

प्रतिसाद
‘ताई’ चळवळीतल्या सहकाऱ्यांची हाक. प्रमिलाताई, अहिल्याताई, तशाच मृणालताई. ‘पाणीवाली बाई’ हे त्यांच्याविषयी बोलताना वापरायचं नाव, त्यांना हाक मारायचं नव्हे. गोरेगावच्या उड्डाणपुलाला नाव देताना महापालिकेनेही ‘मृणालताई गोरे’ असंच दिलं. म्हणून लेखात ‘पाणीवाली बाई’ अवतरणात ठेवा आणि पुढच्या वाक्यात क्रियापद अनेकवचनी घ्या : ‘‘पाणीवाली बाई’ म्हणून त्या ओळखल्या जात’.