संदकफू: निम्म्याच डोंगराला राष्ट्रीय उद्यान करून काय साधतं?

डोंगरवेडा: गेल्या ऑक्टोबरात दार्जिलिंगकडचा, भारत-नेपाळ सीमेवरचा संदकफू (३६३६ मी.) केला. पायथ्याचं मानेभंजन गाव सोडलं की वाट कधी भारतात, कधी नेपाळात. रात्री तुमलिंगला झोपलो ते नेपाळात, सकाळी चहा घेऊन निघालो आणि थोड्याच वेळात सिंगालिला राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर पावती फाडली. हे उद्यान १९९२ चं, जेमतेम ७८ चौ. किमी. पावसाळ्यात तीन महिने बंद. डोंगरधारेच्या पलीकडे नेपाळच्या इलाम जिल्ह्यात मात्र लॉज, जीप, गुरं, सगळं बारा महिने चालू. या जंगलातल्या लाल पांडाला सीमेचा दगड दिसतो का? नेपाळनेही तिथे उद्यान करावं आणि दोन्हीकडे एकच नियम लावावा. बोला.

मृण्मयी_प: असहमत. पलीकडे उद्यान नाही म्हणजे मोकळं रान नाही. इलामच्या बाजूला सामुदायिक वनं आहेत, गावातलीच माणसं पांडाच्या रक्षणासाठी गस्त घालतात. आणि उत्तरेला तापलेजुंगमध्ये कांचनजुंगा संरक्षण क्षेत्र आहे, २०३५ चौ. किमी. त्याचा कारभार नेपाळ सरकारने २००६ मध्ये स्थानिकांच्या हाती दिला. गेट आणि पावती म्हणजेच संवर्धन, हा आपला भारतीय समज आहे.

रानगवा: डोंगरवेडा, तुम्ही तुमलिंगच्या ज्या लॉजवर गरम डाळभात खाल्लात, तो तुमच्या नियमाने पहिला उठणार, एवढं लक्षात असू द्या :) चांदोली अभयारण्यासाठी गावं उठली तेव्हा लोकांचं काय झालं, ते इथल्या सातारा-सांगलीवाल्यांना विचारा.

डोंगरवेडा: रानगवा, लॉज उठवा असं कुठे म्हटलंय? वाढू देऊ नका म्हणतोय.

कातळकडा: एकच नियम ठीक, पण कोणाचा? कांचनजुंगाचंच घ्या. सिक्कीमसाठी तो पर्वत म्हणजे देव, तिथून चढाईला बंदी. नेपाळ परवाना देतो. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेचे दहा जण मे २०१९ मध्ये शिखरावर पोचले ते नेपाळकडूनच, आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिक्कीमचा नियम दोन्हीकडे लावला असता तर? १९५५ च्या पहिल्या चढाईतले गडी चोग्यालला, म्हणजे सिक्कीमच्या राजाला, दिलेल्या शब्दाखातर माथ्याच्या काही फूट खाली थांबले होते. त्या शब्दाला कुठला कायदा लागला नव्हता.

डोंगरवेडा: हा मुद्दा मान्य. शिखराचं सोडून देतो, उद्यानाचा हट्टही सोडतो. पण बंदीचा काळ तरी एक ठेवा ना! पांडाची पिल्लं जून-जुलैत होतात. अलीकडचं जंगल तेव्हा बंद ठेवायचं आणि पलीकडून संदकफूच्या माथ्यापर्यंत जीप चढू द्यायच्या, याला काय अर्थ?

मृण्मयी_प: मग जीप म्हणा की. पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही गुरं आणि जीप एका ओळीत बसवली होती. शिवाय मानेभंजनच्या लँड रोव्हर आपल्याच बाजूने चढतात, सीझनभर, उद्यानातूनच. त्या आधी थांबवा, मग इलामला पत्र लिहू.

रानगवा: +१. उतरताना डोंगरवेडा कशाने आले, हे त्यांनी लिहिलेलं नाही.

डोंगरवेडा: गुडघा दुखत होता हो.