दुसरीच्या वर्गात अंडी उबवावीत का?

गुरुजीबाई (परभणी तालुका): आमच्या जिल्हा परिषद शाळेत थर्माकोलच्या खोक्यात बल्ब आणि थर्मोस्टॅट लावून गावरान अंडी उबवायचं मनात आहे. २१ दिवसांचं काम. सातव्या दिवशी अंधारात अंड्याला टॉर्च लावली की लाल शिरांचं जाळं दिसतं. ते पोरांनी बघावं असं फार वाटतं. तुमचं मत?

सेलूकर: माझा विरोध. अंड्यांना ३७.५ अंशांच्या आसपास ऊब लागते, रात्रीही आणि रविवारीही. आपल्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नाही. आणि एप्रिलात पत्र्याच्या खोलीत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बल्ब बंद ठेवला तरी आतला जीव मरतो. पोरांना काय सांगणार?

लातूरची आई: मेलं म्हणून सांगायचं! कोंबडीखालची तरी सगळी अंडी कुठं फुटतात? माझ्या लेकीला अंडं ट्रेमधून येतं एवढंच ठाऊक आहे. दिवाळीनंतर करा, पण कराच.

सेलूकर: कोंबडी आपल्या हौसेखातर अंड्यावर बसत नाही. इथं जीव आपण जन्माला घालतोय. त्यात निम्मे कोंबडे निघणार, ते कोण सांभाळणार? आधी पिल्लांचं घर ठरवा, मग अंडी आणा.

उदगीरचा पशुवैद्यक विद्यार्थी: सेलूकरांचा हा मुद्दा पटला, पण बेत सोडू नका. खरा धडा शेवटच्या दिवशी असतो. चोचीच्या टोकावरच्या कठीण दाण्यानं पिल्लू कवचाला भोक पाडतं आणि मग तासन्‌तास निपचित पडतं. पोरं कवच सोलायला धावतील. अजिबात सोलू देऊ नका. आतल्या पडद्याच्या शिरांत अजून रक्त असतं, पिल्लू दगावू शकतं. पिल्लांना हात लावला की साबणानं हात धुवायचे, विष्ठेतून साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू पसरतो. बालवाडीच्या लेकरांच्या हातात पिल्लू देऊच नका. आणि आसपास बर्ड फ्लूची बातमी असेल तर बेत रद्द. २०२१ साली परभणीजवळच्या मुरुंबा गावात बर्ड फ्लूनं शेकडो कोंबड्या मेल्या, ते परभणीकरांना सांगायला नको.

हिंगोलीचा शेतकरी: एवढा खटाटोप कशाला? एखाद्या पोराच्या घरी खुडूक, म्हणजे अंड्यावर बसायला आलेली, कोंबडी असेलच. डालग्याखाली बसवा. अंडी तीच फिरवते, ऊबही तीच देते. वर्ग तिकडं न्या.

गुरुजीबाई: दादा, तीस पोरांच्या गलक्यानं ती अंड्यावरून उठेल. पेटीत उबवून पिल्लं रात्री खुडूक कोंबडीखाली सोडली तर? ती आपलीच समजून सांभाळते, असं आमच्या सासूबाई सांगतात.

सेलूकर: पिल्लांचा प्रश्न सुटला, मान्य. पण रात्री दोन वाजता लाईट गेली तर शाळेचं कुलूप कोण उघडणार?