मदत हवी आहे: साखरपुड्याच्या अंगठीसाठी फिकट निळा नीलम कसा निवडावा? (पुणे)

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात साखरपुडा आहे. तिला हिरा नको, नीलम हवा आहे, आणि तोही फिकट. पावसाने उघडीप दिल्यावर सकाळी आठ-नऊला आकाश जसं धुतल्यासारखं दिसतं, तसा रंग तिच्या मनात आहे. पेढीवर नीलम मागितला की समोर येतो तो गडद, दिव्याखालीसुद्धा काळपट वाटणारा खडा. नाहीतर राशीचा खडा हवा असेल असं समजून आधी पत्रिकेची चौकशी होते. फिकट खडे दाखवा म्हटलं तर ‘हा हलका माल आहे, गडदच घ्या’ असा सल्ला मिळतो. तिला मात्र हलकाच आवडतो आणि मला तिची आवड बदलायची नाही.

लक्ष्मी रस्ता, रविवार पेठ आणि कॅम्प पालथं घातल्यावर दोन खड्यांवर येऊन थांबलो आहोत. दोन्ही श्रीलंकेचे आहेत असं विक्रेते सांगतात. खडा आणि घडणावळ मिळून दीड लाखाच्या आत बसवायचं आहे.

पहिला खडा लंबगोल, १.९ कॅरटचा, न तापवलेला. रंग अगदी हलका पण स्वच्छ निळा, राखाडी झाक नाही. फक्त वरून सरळ पाहिलं की मधोमध रंग नाहीसा होतो आणि खाली जे असेल ते आरपार दिसतं. कागदावर ठेवला तर कागद, बोटावर ठेवला तर बोट. विक्रेत्याचं म्हणणं, न तापवलेला खडा दुर्मिळ असतो, आणि वाटल्यास पैलू पुन्हा पाडून घेता येतील.

दुसरा कुशन आकाराचा (गोलसर कोपऱ्यांचा, उशीसारखा चौकोनी), १.३ कॅरटचा, तापवलेला. रंग पहिल्यापेक्षा थोडा भरलेला, तरी फिकटच. हलवला की सगळ्या अंगाने चमकतो. भिंगातून पाहिलं तर एका कडेला बारीक सुयांसारखं काहीतरी दिसतं, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. किंमत पहिल्यापेक्षा बरीच कमी.

ती दातांची डॉक्टर आहे. दिवसभर हातमोजे घालणं-काढणं, सतत हात धुणं, सॅनिटायझर. तिला अंगठी कपाटात ठेवायची नाही, रोज वापरायची आहे. त्यामुळे उंच प्राँगमध्ये (खडा धरून ठेवणाऱ्या आकड्यांमध्ये) बसवलेला खडा मोजे फाडेल, अशी मला धास्ती वाटते. कोंदणात, म्हणजे कडेभोवती पट्टी घेऊन बसवला तर फिकट खड्याला उजेड कमी पडेल का? तिला पिवळं सोनं आवडतं, पण पिवळ्या सोन्यात निळा रंग हिरवट दिसतो असंही ऐकलं. ते खरं का?

आणखी एक गोष्ट. माझ्या आत्याने नीलम म्हटल्याबरोबर काळजी व्यक्त केली. नीलम सगळ्यांना धार्जिणा नसतो, शनीचा खडा आहे, साखरपुड्याला नको, असं तिचं म्हणणं. आत्याने मला लहानाचं मोठं केलं आहे. तिला डावलून काही करावं असं वाटत नाही, आणि होणाऱ्या बायकोचं मनही मोडायचं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा प्रसंग आला असेल तर कसा सोडवला?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

———

प्रतिसाद १

अभिनंदन! मी रत्नशास्त्र शिकले आहे आणि खडे तपासणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या खड्यात मधोमध जे आरपार दिसतं त्याला आम्ही विंडो म्हणतो. खड्याचा खालचा भाग उथळ कापला गेला की वरून शिरलेला उजेड आतल्या पैलूंवर आपटून परत वर येत नाही, खालून निघून जातो. नीलमाचा अपवर्तनांक (उजेड किती वळतो याचं माप) १.७६ ते १.७७, म्हणजे हिऱ्याच्या २.४२ पेक्षा बराच कमी. त्यामुळे नीलमात हे कोन जास्त जपावे लागतात. गडद खड्यात ही खोट थोडीफार लपते. फिकट खड्यात लपायला रंगच नसतो. म्हणून फिकट नीलम घेताना मी सगळ्यात आधी पैलू पाहते आणि मग रंग. फिकट खड्याचं सौंदर्य त्याच्या चमकेत असतं, आणि ती चमक पैलूच देतात.

‘पुन्हा पैलू पाडून घेऊ’ हे ऐकायला सोपं वाटतं. त्यात वजन घटतंच, आणि रंगाचीही शाश्वती नसते. नीलमात रंग सगळीकडे सारखा नसतो, पट्ट्यापट्ट्यांत असतो. श्रीलंकेतले कारागीर अनेकदा रंगाचा पट्टा नेमका खड्याच्या टोकाशी येईल असा खडा कापतात, म्हणजे वरून पाहताना पूर्ण खडा निळा दिसतो. हा पहिला खडा पांढऱ्या कागदावर आडवा धरून बाजूने पाहा. निळा रंग फक्त खालच्या टोकाशी असेल, तर पुन्हा कापताना तोच निघून जाण्याची भीती आहे. पैलू पाडून घ्यायचेच असतील तर ती जोखीम विक्रेत्याने घ्यावी, तुम्ही नाही.

तापवण्याबद्दल. बाजारातले बहुतेक निळे नीलम तापवलेले असतात. श्रीलंकेत ‘गेउडा’ नावाचे दुधट, जवळजवळ बिनरंगी खडे सापडतात. ते १५०० अंश सेल्सियसच्याही वर तापवले की आतल्या रुटाइलच्या (टायटॅनियमच्या एका खनिजाच्या) सुया विरघळतात, त्यातलं टायटॅनियम खड्यात उतरतं आणि लोहासोबत मिळून निळा रंग देतं. हा रंग कायमचा असतो. उन्हाने, पाण्याने, वापराने उतरत नाही. तेव्हा तापवलेला खडाही अस्सलच. न तापवलेल्याला जास्त पैसे पडतात ते दुर्मिळतेचे. ते तुम्हाला मोलाचं वाटत असेल तर जरूर द्या, पण विंडो असलेल्या खड्यासाठी मी तरी देणार नाही.

तुमच्या दुसऱ्या खड्यात दिसणाऱ्या सुया रुटाइलच्याच असाव्यात. त्या अखंड आणि टोकदार असतील तर खडा फार तापवलेला नसण्याचीही शक्यता असते. जास्त उष्णतेने त्या तुटक, ठिपक्यांसारख्या होतात. निर्णय मात्र प्रयोगशाळेवर सोडा.

सावध राहायचं ते दोन गोष्टींपासून. एक म्हणजे भेगांमध्ये कोबाल्टची निळी काच भरलेले खडे. हे स्वस्त असतात आणि छान निळे दिसतात, पण सोनाराच्या बत्तीने किंवा तेजाबाने ती काच खराब होते, लिंबाच्या रसानेसुद्धा होऊ शकते. दुसरी म्हणजे बाहेरून टायटॅनियम किंवा बेरिलियम मुरवून आणलेला रंग. टायटॅनियमचा रंग वरच्या पातळ थरातच राहतो, पैलू घासले की उडतो. बेरिलियम मात्र आतवर जातं आणि साध्या भिंगाने ओळखता येत नाही. कृत्रिम नीलमही शंभराहून अधिक वर्षं बनतो आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्न्यूईने १९०२ मध्ये ती पद्धत, आधी माणकासाठी, जाहीर केली. त्यात वाढीच्या रेषा वक्र असतात, नैसर्गिक खड्यात सरळ किंवा कोनात.

म्हणून खडा मोकळा असतानाच, अंगठीत बसवण्याआधी, रिपोर्ट करून घ्या. जीआयए (मूळची अमेरिकेची रत्नसंस्था), मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, जयपूरची आयआयजीजे-आरएलसी (आधीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी), अशा ठिकाणचा चालेल. दुकानाचं स्वतःचं कार्ड पुरेसं नाही. रिपोर्टवरचं वजन आणि मिलिमीटरची मापं तुमच्यासमोर खडा मोजून जुळवा. वजन कॅरटमध्येच लिहून घ्या, रत्तीचा हिशेब प्रत्येक दुकानात वेगळा असतो. पावतीवर ‘नैसर्गिक नीलम, तापवलेला’ असे शब्द हवेत.

वजनाच्या आकड्यावर फार जाऊ नका. नीलम हिऱ्यापेक्षा जड असतो, त्याची घनता ४ आणि हिऱ्याची ३.५२. एक कॅरटचा गोल हिरा साडेसहा मिलिमीटरच्या आसपास भरतो, तेवढ्याच वजनाचा नीलम साधारण सहाचा. बोटावर दिसतात ते मिलिमीटर.

कोंदणाबद्दल: तुमच्या होणाऱ्या पत्नीच्या कामाला कोंदणच योग्य. कडा जपल्या जातात आणि मोजे अडकत नाहीत. फक्त मागची बाजू उघडी ठेवायला सांगा. मागून बंद आणि पिवळं सोनं असेल तर फिकट खड्यात तो पिवळेपणा उतरतो आणि निळ्याला हिरवी झाक येते, तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. त्यावरचा उपाय असा की अंगठीची कडी पिवळ्या सोन्याची आणि खड्याभोवतीचं कोंदण पांढऱ्या सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं करायचं. १८ कॅरट सोनं घ्या. २२ कॅरट मऊ असतं, रोजच्या अंगठीत खडा सैल होऊ शकतो. हॉलमार्कमध्ये ७५० आकडा आणि अक्षरं-आकडे मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक) बघून घ्या.

आणि दुकानातल्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. खडा दारात, सावलीच्या उजेडात पाहा. मग पिवळ्या बल्बखाली पाहा, कारण काही निळे खडे तिथे राखाडी पडतात. शेवटी तिच्या बोटावर ठेवून, हात लांब करून पाहा.

———

प्रतिसाद २

मी फिकट नीलमाची अंगठी बरीच वर्षं रोज वापरतेय. वरच्या ताईंनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त वापराचं सांगते. नीलमाची कठीणता (मोह्सच्या दहापर्यंतच्या मापावर) ९ आहे, रोजच्या वापरात सहसा चरे जात नाहीत. पण साबण आणि क्रीमचा थर खड्याच्या मागे साचतो आणि फिकट खडा लगेच मंद दिसायला लागतो. कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश, एवढं पुरतं. मागून उघडं कोंदण असेल तर ब्रश तिथे पोचतो, तेव्हा तो सल्ला मनावर घ्याच. पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियमचा मुलामा असतो, तो घासून जातो आणि परत द्यावा लागतो. सारखे हात धुणाऱ्या डॉक्टरांना प्लॅटिनमचं कोंदण बरं पडेल.

———

प्रतिसाद ३

आत्याबाईंबद्दल लिहिते. माझ्या धाकट्या जावेच्या वेळी आमच्या घरी हेच झालं होतं. मोठ्या माणसांची भीती खरी असते, तिला हसू नये आणि वादानेही ती जात नाही. आम्ही सासूबाईंनाच विचारलं, तुमचं समाधान कशाने होईल? त्या म्हणाल्या, रीतीप्रमाणे खडा तीन दिवस उशाशी ठेवून बघू दे. जावेने आनंदाने ठेवला. सासूबाईंनी पूजेत ठेवून मग स्वतःच्या हाताने तिला दिला. शनीसाठी नीलम घालतात तो मधल्या बोटात, आणि पत्रिका बघून. तुमची अंगठी अनामिकेत जाणार, हेही आत्यांना शांतपणे सांगता येईल.

तरीही त्यांचं मन तयार झालं नाही, तर निळा स्पिनेल बघा. कठीणता ८, रोजच्या वापराला चालतो. अ‍ॅक्वामरीनचा रंग तुम्ही म्हणता त्याच्या अगदी जवळ जातो, पण तो साडेसात ते आठ. निळा टोपाझही आठ आहे, पण नेमका आघात बसला की एका सरळ पातळीत फुटतो, आणि त्याचा निळा रंग बहुतेक वेळा किरणोत्साराने आणलेला असतो. टॅन्झानाइट रोजच्या अंगठीला घेऊ नका, मऊ असतो. मात्र हे सगळं तुमच्या होणाऱ्या पत्नीला विचारून. अंगठी तिच्या हातात राहणार आहे, पहिला कौल तिचा.

———

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नीट कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

पहिला खडा आडवा धरून पाहिला. निळा रंग खरोखर टोकाशीच एकवटला आहे, वरचा भाग जवळजवळ पाण्यासारखा. पैलू पाडण्याची जोखीम तुम्ही घ्याल का असं विक्रेत्याला विचारलं, तो नाही म्हणाला. त्यामुळे तो विषय संपला.

दुसरा खडा विक्रेत्याने जांगडावर, म्हणजे पटला तर घ्यायचा या बोलीवर दिला. दुपारी गॅलरीत, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली आणि देवघरातल्या पिवळ्या बल्बपाशी पाहिला. बल्बखाली किंचित मावळतो, पण राखाडी होत नाही. ती म्हणाली, हाच. आता मुंबईला रिपोर्टसाठी पाठवतो आहोत. विक्रेता तयार आहे आणि रिपोर्टमध्ये काच किंवा मुरवलेला रंग निघाला तर खडा परत घेईन, असं त्याने लिहून दिलं आहे.

आत्याला प्रतिसाद ३ वाचून दाखवला. तिला पूजेची कल्पना पटली. रिपोर्ट आला की खडा आधी तिच्याकडे जाईल, तीन दिवस ती सांगेल तसं होईल, आणि साखरपुड्यात अंगठीचं तबक तीच आणेल. होणाऱ्या बायकोनेच हे सुचवलं.

पेढीवरच्या कारागिराने मागून उघडं कोंदण करायला नकार दिला, खडा बसवताना कड निसटेल म्हणाला. त्यामुळे आता एकच प्रश्न उरला आहे. पिवळ्या सोन्याची कडी आणि प्लॅटिनमचं बुटकं, मागून उघडं कोंदण नीट करून देणारा कारागीर पुण्यात कुणाला माहीत आहे का? पेठांमधला असेल तर उत्तम, नाहीतर पिंपरी-चिंचवडपर्यंत जायची तयारी आहे. प्लॅटिनम आणि सोन्याचा जोड टिकतो का, हे ज्यांनी करून घेतलंय त्यांनी जरूर लिहा. पत्ता धाग्यावर नको असेल तर निरोप पाठवा.