तुमच्या घराचा नंबर काय? (अनुभव सांगा)

खाडीकाठची: परवा केवायसीच्या फॉर्मवर घर क्रमांक विचारला होता आणि मला माझ्याच घराचा येईना. आईने घरपट्टीची पावती काढली, ४१२/अ. गडग्यापलीकडचे काका ८७ आणि समोरचं घर ६५५! ग्रामसेवकांना विचारलं तर म्हणाले, हा रस्त्याचा नंबर नाहीच, रजिस्टरचा आहे. नमुना ८ मध्ये पहिल्यांदा वाडीवाडीने फिरून घरं लिहिली, नंतर जो घर बांधेल त्याला शेवटचा पुढचा नंबर, मग तो कुठल्या का कोपऱ्यात असेना. भावाभावांत वाटणी झाली की अ, ब. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते तेव्हा कर बदलतो, क्रम बहुतेक तोच राहतो. तुमच्याकडे काय गंमत आहे, लिहा.

चाकरमानी_मालवणचा: गणपतीत मित्राच्या गावी पहिल्यांदाच गेलो, पत्ता वहीत नीट लिहून नेलेला, घर नंबरसकट. तिठ्यावरच्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, "नंबर काय करतलंस? कोणाचो झील तां सांग." मला मित्राच्या बापाचं नाव माहीत नाही! शेवटी 'मुंबईत रिक्षा चालवता तो' एवढ्यावर आजोबा स्वतः पाणंदीतून घरापर्यंत सोडायला आले, वाटेत माझीच सगळी चौकशी करून.

टपालवाल्याची_लेक: बाबा गावात टपाल वाटायचे. पाकिटावर मु. पो., तालुका, जिल्हा, पिन, पण घर नंबर कोणीच लिहीत नसे. आमच्या वाडीत एकाच नावाआडनावाचे तिघे होते, मग बाबांच्या डोक्यात टेलर, गिरणीवाले आणि वरच्या पाखाडीचे अशी विभागणी. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मूळ आपल्या कोकणातलेच, याचा बाबांना फार अभिमान. पण सहा आकडे पोस्टापर्यंतच आणतात, त्याच्यापुढे बाबांचे पाय.

बोटीवरचा_काका: मी दाभोळचा, रिटायर्ड, मुलगी पॅरिसला असते. तिथे सुरुवातीला एकटा बाहेर पडायला घाबरायचो, मग जावयाने युक्ती सांगितली. सीन नदीला आडवे जाणारे रस्ते नदीपासून एक नंबरने सुरू होतात आणि नदीला समांतर असतील ते प्रवाहाच्या दिशेने वाढत जातात, सम नंबर उजवीकडे, विषम डावीकडे. १८०५ पासूनची पद्धत आहे म्हणे. नंबर लहान होत चालले की नदी जवळ, इतकं सोपं! मनात आलं आपल्या पाखाडीला पण खाडीकडून नंबर दिले असते तर... पण पाखाडी सरळ कुठे आहे, ती फणसाला वळसा घालून जाते. आणि तिथेही नंबर काही पाहुण्यांच्या सोयीसाठी आले नाहीत हं. व्हिएन्नात १७७० च्या सुमारास घरांना नंबर घातले ते सैन्यभरतीला माणसं मोजायला.

खाडीकाठची: म्हणजे तिकडे सैनिक आणि इकडे घरपट्टी. नंबर घालणाऱ्याला काहीतरी न्यायचंच असतं 😄

मास्तरीणबाई: २०११ च्या जनगणनेची घरयादी आदल्या वर्षी केली, मी होते त्यात. इमारतीला एक नंबर आणि दारं वेगळी असतील तर पुढे कंसात (१), (२). एकाच कौलाखाली दोन भाऊ, पडवी एकच पण दारं दोन, म्हणून मी १०(१), १०(२) घातलं तर धाकटी जाऊबाई म्हणाली आम्हाला पहिला का नाही! हसू आवरत पुढे गेले. पण खरं सांगू का, जास्त वेळ गेला तो कुलूपबंद घरांत. त्यांनाही नंबर घालावाच लागतो. खळ्यात गवत, बेड्याला दोरी बांधलेली, आणि आपण चिऱ्याच्या भिंतीवर नंबर लिहितोय. पुढे आकडे आले तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली, मला तरी आश्चर्य वाटलं नाही. ते नंबर पुढच्या पावसात धुऊन गेले असणार.

वरचीवाडी: आमचं वेगळंच. जातीवरून असलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, आमच्याही वाडीचं बदललं, चांगलंच झालं. फक्त आधारवर जुनं, पावतीवर नवं, त्यामुळे बँकेत दोन चकरा.

टपालवाल्याची_लेक: आता २०२५ पासून पोस्टाचा डिजिपिन आलाय, दहा अक्षरांचा, साधारण चार बाय चार मीटरच्या चौकोनाला एक. म्हणजे आमच्या घराला ओटीचा वेगळा, माजघराचा वेगळा आणि गोठ्याचा तर नक्कीच वेगळा. म्हशीला स्वतःचा पत्ता मिळाला म्हटल्यावर बाबा दहा मिनिटं हसत होते.

खाडीकाठची: अपडेट. काल मुद्दाम पार्सलवर ४१२/अ लिहून मागवलं. पोराचा तिठ्यावरून फोन, "ताई, चारशेबारा म्हणजे तो निळा ड्रम आहे त्याच्या बाजूला ना?" हो म्हटलं, ये. ड्रम ८७ वाल्या काकांचा आहे.