हॉटेलातली स्वीट डिश : कणी, गाठ, साय न चालणाऱ्या मुलासाठी काय मागवावं?

निरंजनी
मुलगा ७ वर्षांचा. सेन्सरी त्रास आहे, म्हणजे स्पर्श, आवाज, वास फार तीव्र जाणवतात; त्यासाठी ऑक्युपेशनल थेरपी चालू आहे. अ‍ॅलर्जी कसलीच नाही, अंडं चालतं. पुढच्या महिन्यात घरच्या कार्यांमुळे चार वेळा बाहेर जेवण आहे : एकदा थाळी, एकदा उडुपी, एकदा पंजाबी आणि एकदा आइसक्रीम पार्लर. सगळं पुण्यातच.

गोडात सध्या चालतं ते एवढंच : साधं व्हॅनिला आइसक्रीम (काळे ठिपके नसलेलं), पारले-जी कोरडं (दुधात बुडवलेलं नाही), घरचा बारीक रव्याचा शिरा काजू-बेदाण्याशिवाय, आणि बिनदाण्याचं मिल्क चॉकलेट. साय, सब्जा, फळांचे तुकडे, पिस्त्याचे काप दिसले तरी ताट लांब ढकलतो. बोटं चिकट झाली की जेवणच थांबतं. मिक्सरचा आवाज सहन होत नाही.

किती खाल्लं हा मुद्दा नाही. सगळे गोड खात असताना त्याच्याही पुढ्यात त्याला आवडणारं काही असावं, एवढंच हवंय.

अंजिरी
तुमची यादी नीट पाहिली तर त्या चारही गोष्टी पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत एकसारख्या लागतात, आणि आज लागल्या तशाच उद्याही लागतात. चवीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे. तेव्हा हॉटेलात गोड शोधताना आधी पोत बघा.

मऊ आणि कडक एकाच घासात आलं की जिभेला ते वेगळं करावं लागतं : मऊ गिळायचं, कडक दाढेखाली ढकलायचं. तोंडातला स्पर्श ज्याला तीव्र जाणवतो त्याला बासुंदीतली चारोळी भातातल्या खड्यासारखी लागते. उमासा येतो तो खराच असतो.

या हिशेबाने पंजाबी हॉटेलातले नेहमीचे पदार्थ बघा. फिरनीत भरड वाटलेला तांदूळ असतो, म्हणजे कणी आलीच. शिवाय ती मातीच्या वाडग्यात येते. मातीचा वास आणि ओठाला लागणारी खरखरीत कड, दोन्ही जड जातं. रसमलाईत स्पंजासारखा छेना, पातळ दूध आणि वर काप, म्हणजे तीन पोत. छेना दाताखाली करकरतो, तेही काहींना नको वाटतं. गाजर हलव्यात दोरे. कुल्फीला 'आइसक्रीमच आहे' म्हणून पुढे करू नका. कुल्फी घुसळत नाहीत, त्यामुळे तिच्यात हवा नसते. ती घट्ट असते, बर्फाची कणी मोठी असते आणि दाताला गार जास्त लागते. त्यात लाकडी काडीचा जिभेला होणारा स्पर्श.

गुलाबजाम त्यातल्या त्यात जमू शकतो, पण अटी आहेत. बऱ्याच ठिकाणी गोळीच्या पोटात वेलदोड्याचा दाणा किंवा पिस्ता भरलेला असतो. म्हणून एक आधी मोठ्यांनी कापून बघायचा. मुलासमोरचा मात्र त्याला विचारल्याशिवाय कापू नका. बिस्कीट तुटलं तर न खाणारी मुलं असतात, त्यांना कापलेला गुलाबजामही चालत नाही. पाक निथळून, कोमट, काट्याने. बोटांचा प्रश्न तिथेच मिटतो.

पाकशाळा
हॉटेलच्या किचनच्या बाजूने लिहितो. काय काढता येतं आणि काय नाही हे माहीत असेल तर वेटरशी बोलणं सोपं जातं.

वरून टाकलेलं सगळं वगळता येतं : पिस्ता, बदाम, चेरी, टूटीफ्रूटी, चॉकलेट सॉस, वेफर. सकाळी मोठ्या पातेल्यात मिसळलेलं काहीही काढता येत नाही. बासुंदीतली वेलची-चारोळी, शिऱ्यातले काजू, ब्राउनीतला अक्रोड हे सगळं आधीच आत असतं.

सांगताना 'सजावट नको' म्हणू नका. त्याचा अर्थ 'थोडी कमी' असा घेतला जातो. असं सांगा : 'वर काहीही टाकायचं नाही. पिस्ता नाही, सॉस नाही, चेरी नाही. चुकून टाकलं गेलं तर काढून आणू नका, दुसरं आणा, पैसे घ्या.' काढलेल्या चेरीचा लाल डाग आणि पिस्त्याचा चुरा मागे राहतोच, आणि या मुलांच्या नजरेतून तो सुटत नाही. ही सूचना ऑर्डर घेणाऱ्याला द्या आणि डिश घेऊन येणाऱ्याला पुन्हा द्या, कारण बरेचदा ती माणसं वेगळी असतात.

पुडिंग, पन्ना कोटा, न भाजलेलं चीजकेक यांची एक गोष्ट लक्षात ठेवा. हे पदार्थ जिलेटिनने सेट केले असतील तर अंगाच्या उष्णतेने तोंडात विरघळतात. शाकाहारी हॉटेलात बहुतेक ठिकाणी चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर, वापरतात. ते साधारण ८५ अंश सेल्सियसला वितळतं. तोंडात विरघळत नाही, त्याचे तुकडे पडतात. म्हणजे नाव तेच, रंग तोच, पण पोत पूर्ण वेगळा. एका हॉटेलात आवडलं म्हणून दुसरीकडे मागवताना 'जिलेटिन की चायना ग्रास' एवढं विचारा.

बुफेतलं फ्रूट कस्टर्ड बहुतेक ठिकाणी पावडरचं असतं. फळं घालण्याआधीचं साधं कस्टर्ड किचनमध्ये बरेचदा असतं. जेवण सुरू होण्याच्या तासभर आधी फोन करून एक वाटी बाजूला ठेवायला सांगा. वर साय धरते, म्हणून पृष्ठभागाला चिकटून प्लास्टिक लावायला सांगायचं. नुसतं झाकण ठेवून साय थांबत नाही.

सिझलिंग ब्राउनी टाळाच. चुरचुर आवाज, धूर, वास, गरम-गार एकत्र, सगळं एकाच वेळी. शेजारच्या टेबलावर येणारी सिझलरही तितकीच त्रासदायक असते, म्हणून किचनच्या दारापासून लांबचं टेबल मागा.

सायखडी
तुमच्या यादीला सगळ्यात जवळचा पदार्थ उडुपी हॉटेलात आहे : शिरा. तो घरी आधीच खाल्ला जातो, म्हणजे पाया तयार आहे. फरक मात्र चार असतात, ते आधी तपासा. रंग पिवळा किंवा केशरी असतो. तूप जास्त असतं, जिभेवर थर राहतो. काजू-बेदाणे आतच असतात. आणि रवा घरच्याहून जाडा असू शकतो. अननसाचा शिरा नको, त्यात दोरे असतात.

आदल्या आठवड्यात त्याच हॉटेलातून पार्सल आणा. घरी नेहमीच्या वाटीत, नेहमीच्या चमच्याने, नेहमीच्या शिऱ्याशेजारी एक चमचाभर ठेवा. काजू तुम्हीच वेचा. ताजा आणि उरलेला यातही फरक आहे : सकाळी ९ चा शिरा मऊ असतो, दुपारी २ ला तो घट्ट होऊन ढेकळं पडतात. गरम पाण्याचे २ चमचे शिंपडून झाकून ठेवला की परत सुटा होतो. हॉटेलात हे कोणी करून देणार नाही, तेव्हा तिथे सकाळीच जाणं बरं.

थाळीच्या हॉटेलात श्रीखंडाला एक संधी द्या. चक्क्यात साखर मिसळून तासभर मुरू दिली आणि मग पुरणयंत्रातून किंवा कापडातून काढला तर ते लोण्यासारखं होतं. घाई केली की साखर कचकचते. म्हणून आधी स्वतः एक चमचा घेऊन टाळूला दाबून बघा. कणी लागली तर पुढ्यात ठेवूच नका. आम्रखंडात सहसा चारोळी, केशराच्या काड्या नसतात, त्यामुळे ते जास्त सुरक्षित. आंबटपणा मात्र असतो. डेअरीचं डबाबंद श्रीखंड दर वेळी सारखं लागतं. घरी त्याचीच सवय करा आणि हॉटेलात 'कुठल्या डेअरीचं?' असं विचारा. बरीच हॉटेलं बाहेरूनच घेतात.

थाळीत वाढपी गोड आधी वाढतो आणि त्याचा ओघळ भाजीला लागतो. बसल्याबसल्या सांगायचं : ताट नको, रिकामी वाटी द्या, आग्रह करू नका. स्टीलच्या वाटीवर चमचा घासल्याचा आवाज नको असेल तर घरून सिलिकॉनचा चमचा न्या. फार उपयोगी पडतो.

ओंकारेश्वर_पेठ
आइसक्रीम पार्लरबद्दल. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाप्रमाणे साध्या 'आइसक्रीम'मध्ये किमान १०% दुधाचं स्निग्धांश लागतं. 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेल्या कपात वनस्पती तेल असतं, आणि ते काही मुलांना टाळूला मेणासारखं चिकटल्यासारखं वाटतं. घरचा कप कोणता आहे ते झाकणावर वाचा आणि बाहेर त्याच प्रकारचं घ्या. झाकणाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पार्लरमध्ये दाखवायला सोपं पडतं.

व्हॅनिला सोडून एक पाऊल टाकायचं असेल तर रंग जवळचा आणि तुकडे नसलेलं घ्या. बटरस्कॉचमध्ये साखरेचा कुरकुरीत चुरा, स्ट्रॉबेरीत बिया, शहाळ्याच्या आइसक्रीममध्ये मलईचे तुकडे, सीताफळात गराची रवाळ कणी. नॅचरल्ससारख्या दुकानाची ख्यातीच फळांच्या तुकड्यांची, त्यामुळे या मुलासाठी तिथे फळांचे फ्लेवर नकोत. मस्तानीही इतक्यात नको : वर सुका मेवा, खाली घट्ट दूध, मध्ये गोळा, शिवाय मिक्सरचा आवाज.

स्कूपपेक्षा बंद कप चांगला. सील त्याच्यासमोर उघडा. झाकणाच्या आत बर्फाचे स्फटिक दिसले किंवा आइसक्रीम कडेपासून सुटून आक्रसलं असेल तर ते वितळून परत गोठलेलं आहे, कचकच लागणार. बदलून मागा. फार कडक असेल तर ५-७ मिनिटं टेबलावर ठेवा. कोन हवा असेल तर वेगळा, कोरडा, दुसऱ्या प्लेटमध्ये.

निरंजनी
मनापासून धन्यवाद, इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं. दोन शंका. एक, इराण्याकडचं कॅरॅमल कस्टर्ड चालेल का? दिसायला एकजीव आहे. दोन, नातेवाईक म्हणतात की उपाशी ठेवा, भूक लागली की खाईल. त्यांना काय सांगायचं?

पाकशाळा
कस्टर्ड चांगला पर्याय आहे, पण बघून घ्या. कापल्यावर बाजूने गुळगुळीत दिसलं पाहिजे. जाळी, म्हणजे बारीक भोकं, दिसली तर ते जास्त उकडलंय. अंड्याचं प्रथिन आवळलं जातं, पाणी सुटतं आणि तोंडात रवाळ लागतं. दुसरी अडचण वरच्या कॅरॅमलची : ते कडवट असतं आणि ओघळतं. पाक ओतून टाकून, वरचा तपकिरी थर सुरीने काढून फक्त पिवळा भाग वेगळ्या बशीत द्या. थरथरतं ते काहींना आवडत नाही. तसं असेल तर चमच्याने उचलून दाखवा, बशी हलवू नका. अंड्याचा वास गार असताना कमी येतो, म्हणून फ्रिजमधून थेट आणायला सांगा.

अंजिरी
दुसऱ्या शंकेचं उत्तर ठामपणे द्या. उपाशी ठेवण्याचा सल्ला चोखंदळ मुलांसाठीही बरा नाही, आणि सेन्सरी त्रास असलेल्यांना तो घातक ठरू शकतो. यातली काही मुलं भूक लागली तरी खात नाहीत. खाणं इतकं आक्रसण्याच्या विकाराला एआरएफआयडी म्हणतात. २०१३ मध्ये डीएसएम-५ या मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत त्याचा समावेश झाला. वजन वाढत नसेल, आधी चालणारे पदार्थ एकेक करून बंद होत असतील, गिळताना ठसका लागत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. दात, टॉन्सिल, बद्धकोष्ठता आणि लोहाची कमतरता हेही तपासून घ्यावं.

नातेवाईकांना निघण्याआधी फोनवरच सांगा : त्याच्या पुढ्यात काय ठेवायचं ते आम्ही ठरवणार, खायचं की नाही ते तो ठरवणार, आणि टेबलावर त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. 'एकच घास, माझ्यासाठी' हेही नको. खाल्लं तर टाळ्याही नकोत, कारण सगळ्यांचे डोळे त्याच्यावर असणं हाच त्याला त्रास.

नवीन काही द्यायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदला. घरचा कप घरी, मग तोच कप पार्लरच्या बाहेर गाडीत, मग तोच कप आत रिकाम्या वेळी, आणि मग कुठे दुसरा फ्लेवर. जागा आणि पदार्थ एकाच दिवशी बदलले तर दोन्ही फसतात. नवीन पदार्थ दहा-पंधरा वेळा नुसता समोर आला तरी चालेल. बघणं, वास घेणं, चमच्याने टोचणं हेही पुढे सरकणंच आहे.

सायखडी
वेळेचंही सांगते. रविवारी दुपारी १ ते ३ थाळीच्या हॉटेलात जाऊ नका. रांग, भांड्यांचा आदळआपट, नावं पुकारणं. १२ च्या आत किंवा संध्याकाळी ७ ला पोहोचा. कोपऱ्यातलं टेबल, भिंतीकडे पाठ, एसीच्या झोतात नाही. गोडाची ऑर्डर जेवणाबरोबरच द्या, म्हणजे शेवटी थकलेल्या मुलाला वीस मिनिटं ताटकळावं लागणार नाही.

आणि पारले-जीचा पुडा पिशवीत असू द्या. 'बाहेरचे पदार्थ आणू नयेत' अशी पाटी असली तरी आधी फोन करून 'मुलाला वैद्यकीय कारणाने ठरावीकच खाणं चालतं' असं सांगितलं तर बहुतेक ठिकाणी अडवत नाहीत. पुडा सीलबंद न्या.

मांडवीकाठ
कधी गोव्याला गेलात तर सेराडुरा नको; क्रीम आणि बिस्किटाचा चुरा थरांनी असतो. बेबिंका दाट आणि गुळगुळीत असते, थर सोलून एकेक देता येतो. जायफळाचा वास मात्र येतो. ती आइसक्रीमबरोबर येते, तेव्हा दोन बशा मागा.

निरंजनी
ठरलं. या शनिवारी उडुपीचा शिरा पार्सल आणणार, सकाळचा. पार्लरला बुधवारी दुपारी ४ ला जायचं, बंद कप, झाकणाचा फोटो घेऊन. थाळीला श्रीखंड आधी मी चाखणार, कणी लागली तर पारले-जी. पंजाबी हॉटेलात फोन करून साध्या कस्टर्डचं विचारते. पाकशाळा, प्लास्टिक पृष्ठभागाला टेकवायचं म्हणजे कस्टर्ड गरम असतानाच ना?

पाकशाळा
हो, पण उकळतं नाही. गॅस बंद केल्यावर ५ मिनिटं ढवळत राहायचं, वाफ कमी झाली की लगेच लावायचं. गार झाल्यावर लावलं तर साय आधीच धरलेली असते. गाठी असतील तर त्याआधी बारीक गाळणीतून गाळायला सांगा, आणि 'दूध-कस्टर्ड पावडर-साखर, बाकी काही नाही' हे फोनवर त्यांच्याकडून परत वदवून घ्या.