मदत हवी आहे : शाळा समितीच्या निवडीत उभं राहायचंय, सर नाव घेत नाहीत

सुईदोरा
नमस्कार. शनिवारी शाळेत समितीची निवड आहे मला उभं राहायचंय पण मुख्याध्यापक सर म्हणतात तुम्हाला राहता येत नाही, नियमात बसत नाही. कोणता नियम ते सांगत नाहीत. मी बारावी झालेली आहे, गावातच राहते, मतदार यादीत नाव आहे, अजून काय पाहिजे. तीन दिवस राहिलेत. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा, नुसत्या शुभेच्छा नकोत.

निवांतकाका
शाळा कोणती? झेडपीची, अनुदानित, की विनाअनुदानित? त्यावर सगळं अवलंबून आहे.

कोथरूडचा_बाबा
ताई, आमच्याकडे हेच झालं होतं. पालक शिक्षक संघाची कार्यकारी समिती निवडणुकीने होतच नाही, इच्छुक पालकांच्या चिठ्ठ्या टाकून सोडत काढतात. २०११ चा फी नियमनाचा कायदा आहे बघा. ही समिती फार महत्त्वाची, फीवाढ तिच्यापुढे मांडावी लागते. मी एक वर्ष होतो, बसची फी, वह्यांची फी, गॅदरिंगची फी, सगळ्यावर भांडलो, शेवटी मुलीनेच सांगितलं बाबा तू शाळेत येऊ नकोस

निवांतकाका
अहो बाबा, त्यांनी फीचा शब्द तरी काढलाय का?

जागरूक_नागरिक
सोप्पं आहे. आरटीआय टाका, माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज, "कोणत्या नियमाने अपात्र ठरवले त्याची साक्षांकित प्रत द्यावी". मुख्याध्यापक सरळ होतो की नाही बघा.

खडूफळा
माहिती द्यायला तीस दिवसांची मुदत असते साहेब. सभा शनिवारी आहे.

जागरूक_नागरिक
मग काय झालं, धाक तर बसतो. तुम्ही शिक्षक दिसता.

खडूफळा
आहे शिक्षक, जिल्हा परिषदेचाच. धाक बसवून घ्यायला वेळ नाही आम्हाला, सकाळपासून तीन ऑनलाइन माहित्या भरल्यात, त्यातली एक कालच भरलेली होती. असो. सुईदोरा ताई, तुमचं मूल कितवीत आहे?

सुईदोरा
झेडपीची आहे, पहिली ते सातवी, पट १४०. फी बिफी काही नाही हो. चौथीत आहे.

खडूफळा
मग ही शाळा व्यवस्थापन समिती. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१. आपल्याकडे बारा ते सोळा सदस्य, त्यात किमान ७५ टक्के पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. उरलेल्यात एक शिक्षक, एक ग्रामपंचायतीचा माणूस, एक शिक्षणतज्ज्ञ. मुख्याध्यापक सदस्य सचिव. अध्यक्ष पालकांतूनच. शिक्षणाची अट नाही, मतदार यादीचाही काही संबंध नाही, अट एकच, मूल त्या शाळेत पाहिजे. तुमचं मूल चौथीत आहे तर सर अडवतायत का हे मला कळत नाही. तुम्ही काहीतरी सांगायचं ठेवताय.

न्यूजर्सीवाला
वाचून बरं वाटलं की भारतातही स्कूल बोर्डाची निवडणूक होते. इकडे मी मागच्या वर्षी उभा होतो. इथे तीन वर्षांची मुदत असते, पगार शून्य, पक्षाचं नाव मतपत्रिकेवर नसतं, पण लॉनवर पाट्या बघितल्या की कोण कुणाचं ते कळतंच. मी दारोदार फिरलो, सगळे छान बोलले. ताई तुम्ही आधी तुमचा तीन मुद्द्यांचा अजेंडा ठरवा, एक वेबसाइट करा. पडलो हा भाग वेगळा.

निवांतकाका
वेबसाइट 😀 अवांतर सुरूच केलंय तर माझंही घ्या, आमच्या शहरात पूर्वी महापालिकेचं शिक्षण मंडळ असायचं, १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखालचं. नगरसेवक मतदान करून सदस्य पाठवायचे. सभापतीला गाडी असायची, आणि दर जूनला पेपरात मथळा, गणवेश अजून आले नाहीत. २०१३ नंतर ती मंडळं गेली. गणवेशाची बातमी मात्र अजून येते.

सुईदोरा
काय सांगायचं ठेवलं. मुलगी माझ्या बहिणीची आहे. बहीण आणि दाजी दिवाळी झाल्यावर कोयत्याला गेले, ऊसतोडीला, कारखान्यावर, आता एप्रिलपर्यंत यायचे नाहीत. लेकरू चार वर्षं झालं हंगामात माझ्याकडंच असतं, डबा मी देते, पालक मीटिंगला मी जाते, तिच्या प्रगती पुस्तकावर सही माझी. तेव्हा चालतं. समितीचं नाव काढलं की आई-बापच लागतात म्हणे. आमच्या गावात निम्म्याहून जास्त आई-बाप आत्ता फडात आहेत मग निवड कुणाची करणार, जे घरी आहेत त्या पाच-सहा घरांची. दर वेळी तेच होतं.

मोगरा_७८
हे पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं गं.

खडूफळा
आता समजलं. ताई, सरांची बाजूही एकदा ऐका, रागवू नका. आज मावशी सदस्य झाली, एप्रिलला आई परत आली आणि म्हणाली मी पालक मी बसणार, तर सचिव म्हणून भांडण त्यांनीच सोडवायचं. अध्यक्षाची सही ठरावावर असते, अनुदानाच्या खर्चावर असते. १४० पट म्हणजे संयुक्त शाळा अनुदान वर्षाला ५० हजाराच्या गटात येतं, तेही हप्त्याहप्त्याने, पण ऑडिटला उत्तर मुख्याध्यापकानेच द्यायचं. म्हणून माणूस कागदाला चिकटतो.

वकिलीणबाई
चिकटायचंच तर मूळ कागदाला चिकटा म्हणावं. कलम २१ मध्ये "आईवडील किंवा पालक" असे दोन्ही शब्द आहेत. आणि पालक म्हणजे कोण ते कलम २ मध्ये दिलंय : ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ आणि ताबा आहे ती व्यक्ती, आणि त्यात नैसर्गिक पालक, कोर्टाने नेमलेला पालक यांचाही समावेश होतो. "समावेश होतो" म्हटलंय, फक्त तेच असं म्हटलेलं नाही. चार वर्षं तुम्ही सांभाळताय, प्रगती पुस्तकावर तुमच्या सह्या आहेत, ह्याहून चांगला पुरावा काय हवा? एक मात्र, बहिणीचं नाव आणि तुमचं नाव दोन्ही चालणार नाही, एका मुलीमागे एकच जण जा.

जागरूक_नागरिक
म्हणूनच म्हणतोय लेखी मागा. आरटीआय.

वकिलीणबाई
लेखी मागा, बरोबर. आरटीआय नको. साधा अर्ज करा, दोन प्रती, एकीवर तारखेसह पोच घ्या. घेतला नाही तर केंद्रप्रमुखांना (सरांच्या वरचे अधिकारी) फोन, आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे. सोबत बहिणीचं चार ओळींचं पत्र जोडा, "मी हंगामात बाहेर असते, मुलीचा सांभाळ अमुक करते, समितीत तिने बसावं याला माझी संमती आहे".

सुईदोरा
बहिणीला कागद कुठून मिळणार, ती कोपीवर आहे, फडाजवळच्या झोपडीत.

मोगरा_७८
मुकादमाकडे उचलीच्या, आगाऊ दिलेल्या पैशाच्या हिशोबाची वही असते की. त्यातलं पान फाडायचं, सही करायची, फोटो व्हॉट्सॅपवर. माझे आईवडील पंधरा हंगाम गेले, आम्ही भावंडं आजीकडे. आजीला शाळेत कुणी कधी खुर्ची पण दिली नाही. तू उभी राहा. पण एक विचारू का, समितीच का? नुसतं सदस्य होऊन मिळतं काय, चहा?

सुईदोरा
हंगामी वसतिगृहासाठी, आई-बाप तोडीला गेले की मागं राहिलेल्या लेकरांसाठी असतं ते. ते समितीच चालवते, यादी करते, दोन वेळचं जेवण बघते. मागच्या हंगामात यादीत जेवढी नावं होती तेवढी लेकरं जेवायला मी कधीच पाहिली नाहीत. आणि ज्यांना खरं पाहिजे होतं, शेजारच्या म्हातारीकडं तीन नातवंडं आहेत, तिच्या एकाचंही नाव नाही. विचारलं तर म्हणले ठराव झालाय. समितीची मीटिंग महिन्याला पाहिजे ना? आम्हाला तर रजिस्टर घरोघर सहीला फिरताना दिसतं.

कोथरूडचा_बाबा
हे भयंकर आहे. आमच्या शाळेत तर आम्ही कॅन्टीनच्या समोशाच्या तेलावरून

निवांतकाका
बाबा, राहू द्या.

खडूफळा
रजिस्टर फिरतं हे खरं आहे, लपवत नाही. महिन्याला एक मीटिंग घ्यायचीच असते, पण मजुरी सोडून कोण येतं हो? मी संध्याकाळी सात वाजता ठेवून बघितली, मग लोक आले. ताई, शनिवारी जाताना त्या म्हातारीला आणि जे आजी-आजोबा लेकरं सांभाळतात त्यांना सोबत घेऊन जा. एकट्या गेलात तर वाद होतो, पंधरा म्हाताऱ्या गेल्या तर सभा होते. आणि आमच्याकडे वर्गवार नावं घेतात, चौथीच्या पालकांतून तुमचं नाव कुणीतरी सुचवायला पाहिजे, हे आधी ठरवून ठेवा. स्वतःचं नाव स्वतः सांगताना माणूस अडखळतो.

न्यूजर्सीवाला
म्हणजे ग्राउंड कॅम्पेन! मी तेच म्हणत होतो.

सुईदोरा
(रविवार) अर्ज सरांनी घेतला, आधी नाही म्हणले, मग केंद्रप्रमुखांचा फोन आला. बहिणीची चिठ्ठी वहीच्या पानावरच आली, अर्ध्या पानावर कुणाचा तरी टनाचा हिशोब होता. सभेला एकूण ३१ जण, त्यात आमच्या अकरा म्हाताऱ्या. त्यांना मत देता येतं का यावर अर्धा तास गेला, मी कलम वाचून दाखवलं तर सर म्हणले मोबाईलवरचं चालत नाही. मग एकजण म्हणले राहू द्या सर, घेऊन टाका. चौथीतून मला घेतलं. अध्यक्ष मागच्या अध्यक्षांची बायको झाली, बिनविरोध, ती सभेला आलीच नव्हती. वकिलीणबाई, खडूफळा सर, मोगराताई, आभारी आहे.

मंगळवारी पहिली मीटिंग आहे, वसतिगृहाची यादी त्यातच ठरणार. सर म्हणले ठराव लिहायला कुणी नाही, मी म्हणलं मी लिहिते, अक्षर चांगलं आहे माझं. आता ठरावात काय काय लिहावं लागतं, आणि लेकरांच्या सांभाळणाऱ्याचं नाव यादीत टाकता येतं का, कुणाकडं नमुना असेल तर टाका. उद्या रात्रीपर्यंत पाहिजे.